मदत हवी आहे: एडीएचडी असणाऱ्या कुणी फ्लोट थेरपी घेतली आहे का?

माझ्या धाकट्या भावाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं त्याला जड जातं. गोळ्या आणि समुपदेशन चालू आहे, ते बंद करायचा प्रश्नच नाही. जोडीला फ्लोट थेरपी करून बघायची त्याला फार इच्छा आहे. टाकीत फूटभर पाणी, त्यात एप्सम सॉल्ट इतकं विरघळवलेलं की अंग आपोआप तरंगतं. पाणी त्वचेइतकंच कोमट, साधारण ३५ अंश सेल्सियस. अंधार, शांतता, तासभर.

मी थोडं वाचलं. २०१८ मध्ये अमेरिकेतले मेंदू-मानसशास्त्रज्ञ जस्टिन फाइनस्टाइन यांच्या गटाने चिंताविकाराच्या ५० रुग्णांवर अभ्यास केला, एकाच सत्रानंतर त्यांची चिंता बरीच कमी झाली. पण तो चिंतेचा अभ्यास, लक्ष टिकण्याचा नव्हे. म्हणून एडीएचडी असणाऱ्यांचा अनुभव हवाय.

बाहेरचं सगळं थांबल्यावर डोक्यातली गर्दी शमते, की उलट वाढते? मला हीच खरी काळजी आहे, कारण नुसतं पडून राहणं त्याला असह्य होतं. पहिल्यांदा दिवा चालू ठेवून कमी वेळ केलं तर चालतं का? झोपेत, चिडचिडीत फरक पडला का, आणि किती दिवस टिकला? गोळीच्या वेळेशी सत्र कसं जुळवलंत? डॉक्टरांना विचारणारच आहोत, त्याआधी तुमचे बरे-वाईट दोन्ही अनुभव कृपया सांगा.