बेड मिळाला होता, मग बाबांच्या बेलला रात्री कोणी का आलं नसेल?

ऐरोलीकर:
एप्रिल २०२१ मध्ये दोन दिवस फोन फिरवून बाबांना नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजन बेड मिळाला, वाटलं सुटलो. रात्री अडीचला बाबांचा फोन, मास्क सरकलाय, बेल दाबून दाबून थकलो, कोणी येत नाही. मी खाली गेटवर, वर सोडत नव्हते. बाबा वाचले, पण ती रात्र डोक्यातून जात नाही. हा हलगर्जीपणा होता का? भांडायचं नाहीये, तिथे काम केलेल्यांकडून समजून घ्यायचंय.

सिस्टर_ठाणे:
दादा, मी तेव्हा कोविड वॉर्डात नाइटला होते. बाळकूमचं ग्लोबल हब म्हणा, वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर म्हणा, या तात्पुरत्या कोविड सेंटरांत खाटा पटापट टाकता आल्या पण सिस्टर कुठून आणणार? आमच्याकडे तीस पेशंटला दोघी. पीपीई किट घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, गॉगलवर वाफ, ग्लोव्हजच्या दोन थरांतून शीर लागत नाही. बेल ऐकू यायची हो, पण पडद्याआड सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करायचं काम, चालू असेल तर हात सोडता येत नाही. बेल दाबतोय म्हणजे शुद्धीवर आहे, थोडा थांबू शकेल, असा हिशोब करावा लागायचा. एका आजींनी पाणी मागितलं, मी दीड तासाने ग्लास घेऊन गेले तर झोपल्या होत्या, ओठ सुकलेले. उठवू की नको, तशीच उभी राहिले.

सिलिंडरवाला:
मी मॅनिफोल्ड रूमला होतो, म्हणजे जिथे सिलिंडर जोडून वॉर्डात पाइपने ऑक्सिजन सोडतात तिथे. जंबो सिलिंडर साधारण सात हजार लिटरचा, मिनिटाला पंधरा लिटरवर एकाच पेशंटला आठ तास पण पुरत नाही. त्यात २१ एप्रिलला नाशिकला झाकीर हुसेन हॉस्पिटलात टाकी गळून प्रेशर पडलं, वीसच्या वर पेशंट गेले, त्यानंतर आम्ही मीटरवरून नजर काढली नाही.

कळव्याचा_काका:
सगळं मान्य, पण घरच्यांना दिवसातून एक फोन? माझ्या भावाच्या वेळी तीन दिवस काही कळलं नाही. त्याला नर्स लागत नाही, एक माणूस आणि एक यादी लागते.

सिस्टर_ठाणे:
काका, बरोबर आहे तुमचं. तो माणूस नेमायलाच हवा होता.

ऐरोलीकर:
ताई, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, समोरच्या बेडला त्या रात्री पडदा ओढलेला होता, सकाळी बेड रिकामा होता.