अनुभव धागा: आपल्या कुत्र्याचा फोटो, परक्याची जाहिरात

गोडोलीकर (सातारा)
परवा पुतण्याने मोबाईलवर पिल्लाची एक जाहिरात दाखवली आणि विचारले, "काकू, हे घेऊ का?" जाहिरातीतले पिल्लू म्हणजे आमची बर्फी होती. बर्फी म्हातारी होऊन गेली त्यालाही आता काही वर्षे झाली, परंतु जाहिरातींमध्ये ती अजून ४५ दिवसांचीच आहे आणि कधी इंदूरला, तर कधी बेळगावला विकली जात आहे. फोटो आमच्याच ओट्यावरचा आहे, कारण शहाबादी फरशीचा फुटका कोपरा मी कोठेही ओळखीन. मात्र तो आरशातल्यासारखा उलटा केलेला असल्यामुळे मागच्या दिनदर्शिकेवरचे आकडे उलटे दिसतात. उलटवलेल्या फोटोचे मूळ शोधणे अवघड जाते, असे मुलाने सांगितले.

त्यावरून जुनी गोष्ट आठवली. नागपूरच्या एका गृहस्थांनी एकदा मला फोन करून "पिल्लू गाडीत बसवले का?" असे दरडावून विचारले होते. पैसे भरल्यानंतर त्यांना शंका आली आणि फोटोचा माग काढत ते माझ्या घरगुती मसाल्यांच्या पानापर्यंत पोहोचले. तेथे माझा क्रमांक आहे, त्यामुळे त्यांच्या लेखी चोर मीच ठरले. मुलीच्या वाढदिवसासाठी पिल्लू हवे होते, हे सांगताना त्यांचा आवाज बसला आणि मग मलाही रागावता येईना.

आपल्यापैकी कोणाच्या कुत्र्या-मांजराचा फोटो असा पळवला गेला आहे का? किंवा अशा फोटोवर विसंबून कोणी पैसे भरले आहेत का? अनुभव अवश्य लिहावेत.

कोयनाकाठ (कराड)
आमच्या शेजाऱ्यांना भेटलेला विक्रेता स्वतःला फौजी म्हणवत होता. सीमेवर बदली झाली आहे, कुत्रा सोबत नेता येत नाही, म्हणून स्वस्तात देतो, असे सांगून त्याने ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्डाचा फोटोही पाठवला. सातारा जिल्ह्यात घरटी कोणी ना कोणी सैन्यात असल्यामुळे वर्दी पाहिली की आपण पुढचे काही विचारत नाही, हे त्या माणसाला पक्के ठाऊक असावे. शेजाऱ्यांचे मेहुणे निवृत्त सुभेदार आहेत. त्यांनी फोन घेऊन पलटण कोणती, एवढेच विचारले आणि पलीकडून फोन बंद झाला. ओळखपत्रदेखील कोणा बिचाऱ्या जवानाचे चोरलेलेच असणार.

मळ्यातला (जत)
आमच्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्रीचा फोटो मी शेताच्या बांधावर काढला होता. तोच फोटो 'अस्सल मुधोळ, कागदपत्रांसह' असा मजकूर घालून कोणी तरी पुण्यात विकायला काढला. कुत्री येथे बांधावर झोपलेली आणि पुण्यात तिची आगाऊ नोंदणी चालू! मी जाहिरातीखाली खरी हकीकत लिहिली, तर त्याने माझे लिखाण पुसून मलाच बंद केले.

मिरज जंक्शन
मी बँकेत काम करतो आणि अशी प्रकरणे खिडकीवर येतात. पहिली रक्कम नेहमी लहान असते. 'फक्त नोंदणीपुरते' म्हणून ती घेतली जाते. त्यानंतर पिंजऱ्याचे, मग विम्याचे, मग पिल्लू विमानतळावर अडकल्याचे पैसे मागितले जातात आणि प्रत्येक वेळी 'ही रक्कम पिल्लू हाती पडताच परत मिळेल' असे आश्वासन असते. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. शेवटी 'परतावा' देण्यासाठी क्यूआर कोड येतो आणि तो स्कॅन करून पिन टाकला की उरलेसुरलेही जाते. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. हे मी रोज सांगतो आणि रोज नव्या माणसाला सांगतो.

कोयनाकाठ (कराड)
शेजाऱ्यांकडेही आधी नोंदणीचेच पैसे मागितले होते. मेहुणे वेळेवर आले म्हणायचे.

पशुवैद्य (शिरवळ)
गोडोलीकर ताई, '४५ दिवसांचे पिल्लू' या शब्दांतच जाहिरात पकडली जाते. श्वानपैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच सुचवतो की, व्हिडिओ कॉलवर पिल्लू त्याच्या आईजवळ दाखवायला सांगा आणि शेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवायला सांगा. खऱ्या माणसाला याचे काही वाटत नाही. खोट्याचा कॅमेरा मात्र नेमका त्याच वेळी बिघडतो. लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांचा शिक्का असेल, तर त्या दवाखान्यात फोन करावा. माझ्याच शिक्क्याचे एक कार्ड मला असे पाहायला मिळाले होते आणि त्यावरची सही माझी नव्हती.

वाईकर
फोटोवर आपले नाव टाकून ठेवले तर उपयोग होतो का? आमची मांजर फार फोटोजनिक आहे, म्हणून आतापासूनच काळजी वाटते.

मळ्यातला (जत)
कोपऱ्यातले नाव ते कापून टाकतात. टाकायचेच असेल तर मांजरीच्या पोटावर टाका.

गोडोलीकर (सातारा)
मागच्या वेळी मी तक्रार द्यायला गेले, तेव्हा "तुमचे पैसे गेले नाहीत ना, मग नुकसान काय?" असे विचारून मला परत पाठवण्यात आले. जाहिरात 'फसवणूक' म्हणून कळवली, तरी ती तशीच राहिली. अखेर मुलाने वेगळा मार्ग काढला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार घरी हौसेने काढलेल्या फोटोचा हक्कही काढणाऱ्याकडेच असतो. आम्ही मूळ फोटो जोडून कॉपीराइटभंगाच्या तक्रारीचा अर्ज भरला आणि ती जाहिरात उतरली. या वेळीही तोच अर्ज पाठवला आहे.

आयर्विन पूल (सांगली)
माझ्या आतेभावाने काल रात्रीच अशा पिल्लासाठी पैसे पाठवले आहेत आणि आता तो क्रमांक लागत नाही. मिरजकर, सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करताना काय हाताशी ठेवावे?

मिरज जंक्शन
यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि पैसे ज्या खात्यावर गेले त्याचा तपशील जवळ ठेवा. आत्ताच फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी कळवले तरच ते रोखून धरता येण्याची शक्यता असते. त्या विक्रेत्यासोबतचे संभाषण पुसू नका आणि त्याला 'तक्रार करतो' असे कळवूही नका. बँकेत मी साडेपाचपर्यंत आहे, आतेभावाला घेऊन या.