किट कशाला, कॅरम आहे ना!

पहिलीतल्या मुलांना ढकलणं-ओढणं शिकवायला महागडं किट घ्यावं का, असं एका पालकाने विचारलंय. अजिबात नको. घरातला कॅरम काढा. मी लेकीला सहा सोंगट्यांची चळत रचून दिली. तळाच्या सोंगटीला दुसऱ्या सोंगटीने जोरात टिचकी मारली की तेवढीच सटकन निसटते, वरच्या पाच जागच्या जागी खाली बसतात. हळू ढकललं तर अख्खी चळत सरकते. हेच जडत्व, म्हणजे वस्तू आहे त्याच स्थितीत राहू पाहते! मग अर्ध्या बोर्डवर पावडर टाका, अर्धा कोरडा ठेवा, आणि सोंगटी कुठवर जाते ते मुलांनाच वितीने मोजू द्या. 'घर्षण' हा शब्द मात्र घाईने सांगू नका. "इथे बोर्ड तिला धरून ठेवतो," असं लेक आपणहून म्हणाली, तेव्हाच मी तो सांगितला.