पालापाचोळ्यातला १.१ मिमीचा टांझानियाचा कोळी: नवी जात म्हणून लिहिण्याआधी काय काय तपासावं?

अष्टपाद_सातारा
नमस्कार मंडळी. युरोपातल्या एका संग्रहालयाने अभ्यासासाठी उसने दिलेले नमुने सध्या साताऱ्यात आमच्या विभागात आहेत. टांझानियातल्या पूर्व उसांबारा डोंगरातल्या जंगलात पालापाचोळा चाळून काढलेले. एकाच कुपीत २ नर, ५ माद्या, लांबी १ ते १.२ मिमी, डोळे आठ, पोट गोल आणि उंच. मिस्मेनिडी कुळातले वाटतात. कुळ पक्कं कसं करायचं? मादीचं एपिजाइन (पोटाखालचा जननभाग) केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मांस विरघळवायला) घालू का? हे नर आणि या माद्या एकाच जातीच्या आहेत हे कशावरून म्हणायचं? आणि नाव वैध ठरायला नेमकं काय लागतं?

कृष्णाकाठ_मिरज
कुळाचं आधी. मादीच्या पहिल्या पायाच्या फीमरवर (मांडीच्या खंडावर) खालच्या बाजूला, टोकाकडे, एक छोटा कडक गडद ठिपका शोधा. नरात पहिल्या पायाच्या मेटाटार्ससवर (टोकाकडून दुसऱ्या खंडावर) आतल्या अंगाला पकडकाटा असतो. दोन्ही दिसले तर मिस्मेनिडीच धरा. ठिपका स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली हमखास हुकतो. पाय लॅक्टिक ॲसिडमध्ये काचपट्टीवर ठेवून कंपाउंड मायक्रोस्कोपखाली २००–४०० पटीत बघा.

याच आकाराची दुसरी कुळंही वगळावी लागतील. चेलिसेरा (जबडे) एकमेकांना जुळलेले आणि मादीला पाल्पच (तोंडाजवळचे छोट्या पायांसारखे अवयव) नाहीत, तर सिम्फिटोग्नॅथिडी. ॲनापिडीतही मादीचे पाल्प बरेचदा आखूड किंवा गायब असतात, म्हणून तिथे वरच्या ओठावरचा काटेरी उंचवटा बघायचा. स्टर्नमच्या (छातीखालच्या पट्टीच्या) पुढच्या कडेला खळग्यांची जोडी असेल तर थेरिडिओसोमॅटिडी.

उन्हाळ्यात आपल्याकडे उथळ डिशमधलं अल्कोहोल बघता बघता उडतं, आणि एवढा कोळी एकदा सुकला की पोट चुरमडतं ते पुन्हा भरत नाही. हॅलोजन दिवा बंद ठेवा, एलईडी वापरा, डिशवर काच झाका.

पाटणखोरे
एपिजाइनबद्दल: घाई करू नका. मोठ्या कोळ्यांसाठी जे १०% केओएच वापरतो ते इथे घातक आहे. या कुळात एपिजाइन फारसं कडक नसतं, आतल्या नळ्या पापुद्र्यासारख्या असतात. केओएचमध्ये थोडा वेळ जास्त गेला तर नळ्या विरघळून फक्त स्पर्माथीका (वीर्य साठवायच्या पिशव्या) उरतात, आणि जात ओळखायला तर नळ्यांचं वळण हवं असतं. आधी एका मादीचं पोट न फाडता लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करून बघा. काढायचंच असेल तर पॅन्क्रिएटिन (पाचक विकर), ३७ अंशांवर, अधूनमधून बघत. ते मांस पचवतं, कायटिनला हात लावत नाही. मग पाण्यात धुऊन पुन्हा लॅक्टिक ॲसिड किंवा लवंगतेल. लवंगतेल असेल तर मध्ये अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या घ्या, पाणी राहिलं तर तेल ढगाळतं.

नराचा डावा पाल्प वेगळा करा, उजवा शरीरावरच राहू द्या. चित्रं डाव्याचीच काढायची पद्धत आहे, तुलना सोपी होते. बाहेरून, आतून आणि खालून असे तीन कोन तरी हवेत. पाल्प आवरणकाचेखाली दाबू नका, एंबोलस (नराच्या पाल्पचं वीर्य सोडणारं टोक) सरकतो आणि चित्र खोटं पडतं. आवरणकाचेच्या कडांना मेणाचे ठिपके लावून ती उचलून धरा. फोटोसाठी हँड सॅनिटायझरच्या जेलमध्ये नमुना हवा तसा स्थिर राहतो, पण नंतर जेल पूर्ण धुवा, नाहीतर केसांना चिकटून राहतं.

काढलेला प्रत्येक भाग सूक्ष्म कुपीत घालून त्याच नमुन्यासोबत ठेवा. आणि हे सगळं सुरू करण्याआधी संग्रहालयाची लेखी परवानगी घ्या. विच्छेदन, डीएनए आणि एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) द्यायचा सोन्याचा लेप या तिन्हींसाठी वेगवेगळी विचारा.

अष्टपाद_सातारा
म्हणजे एसईएमसाठी नर वापरायचा झाला तर दुसराच?

पाटणखोरे
हो. होलोटाइपवर (जातीचं नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो) लेप कधीच नको, तो परत निघत नाही. दुसऱ्या नराचा पाल्प ८०, ९०, ९६, १०० टक्के अल्कोहोल अशा पायऱ्यांनी सुकवा, शेवटी एचएमडीएस (न आक्रसता सुकवणारं रसायन) किंवा क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग (त्याच कामाचं यंत्र). एचएमडीएस धूरपेटीतच वापरा, वाफ विषारी आहे.

वारणा_शिराळा
नर-मादी जोडीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका चाळणीत आले म्हणून एक जात होत नाही. पालापाचोळ्याच्या एकाच ढिगात दोन सख्ख्या जाती आरामात राहतात. डोळ्यांची मांडणी, पोटावरची नक्षी, पायांच्या खंडांचं प्रमाण जुळतंय का ते मोजा. संग्रहालय हो म्हणालं तर एका नराचा आणि एका मादीचा एकेक पाय देऊन सीओआय (जाती ओळखायला वापरतात तो जनुक) जुळवा, पण जुन्या ७०–७५% अल्कोहोलमधल्या नमुन्यात तो निघेलच असं नाही. शंका उरली तर होलोटाइप नर धरा, माद्या पॅराटाइपमध्ये (होलोटाइपसोबतच्या टाइप नमुन्यांत) घालू नका आणि शंका मजकुरात स्पष्ट लिहा. एकाच लिंगावरून वर्णन केलेल्या जाती कोळ्यांत भरपूर आहेत, त्यात कमीपणा नाही.

नवी आहे म्हणण्याआधी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमधून आफ्रिकेतल्या सगळ्या जवळच्या जातींची यादी काढा, फक्त टांझानियाची नको. हे कोळी धाग्यावर तरंगत वाऱ्याने लांब जातात. रवांडातून १९८९ मध्ये वर्णन झालेली मायक्रोडिपीना न्युंग्वे त्या यादीत हवीच. चित्रांवर समाधान मानू नका, शक्य तिथे टाइप नमुने किंवा त्यांचे फोटो मागवा.

लेबल अक्षरशः जसं आहे तसं उतरवा. जुन्या लेबलवर ‘टांगानिका’ असेल तर तेच लिहा, आजचं नाव चौकटी कंसात. पूर्व आणि पश्चिम उसांबारा यांच्यामध्ये ल्वेंगेराची दरी आहे, दोन्ही भाग एक समजू नका.

नावाचं: लेखात ‘नवी जात’ हा स्पष्ट उल्लेख, शब्दांत वर्णन, होलोटाइपची नेमकी निवड आणि तो कुठल्या संग्रहात, कुठल्या गावी राहणार हे विधान. १९९९ नंतरच्या नावांना हे सक्तीचं आहे. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर प्रकाशनाआधी झूबँक (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी हवी आणि तिचा पुरावा लेखातच छापलेला हवा. २०१२ पासूनचा हा नियम चुकला तर नाव उपलब्धच होत नाही. प्रजातीचं (जीनस) नाव स्त्रीलिंगी असेल तर ‘उसांबारेन्सिस’ चालेल, नपुंसकलिंगी असेल तर ‘उसांबारेन्से’. तेच नाव त्या प्रजातीत आधी वापरलंय का तेही बघा.

होलोटाइप इथे ठेवून घ्यायचा विचार मनात आणू नका, तो संग्रहालयाचाच आहे.

कृष्णाकाठ_मिरज
परत पाठवताना कुपी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहिला तर हादऱ्यांनी पाय तुटतात. कापसाचा बोळा कोळ्यावर नको, आतल्या छोट्या कुपीच्या तोंडाला. विमानाने पाठवायला प्रत्येक कुपीत ३० मिलिपर्यंत आणि खोक्यात एकूण १ लिटरपर्यंत अल्कोहोल विशेष सवलतीत चालतं, त्याचा कागद खोक्यावर चिकटवा. वरून भरायला लालसर मेथिलेटेड स्पिरिट वापरू नका. रेक्टिफाइड स्पिरिट हवं, आणि त्याचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच टाका.