मदत हवी आहे: डायनिन काढलेल्या यीस्टमध्येही स्पिंडल नीट कळीत जातोय, काय चुकतंय?

सोरेगावकर
सोमवारी प्रोजेक्टचा अहवाल द्यायचाय, म्हणून थेट विचारते. डायनिनचं (पेशीतल्या ओढणाऱ्या मोटर-प्रथिनाचं) जनुक काढलेला यीस्टचा वाण आहे माझ्याकडे. म्हणजे स्पिंडल, पेशी विभागताना गुणसूत्रं दोन्हीकडे वाटणारी चौकट, कळीत (आईपेशीवर फुटणाऱ्या नव्या पेशीत) नीट जायला नको. आईपेशीत दोन केंद्रकं आणि कळी रिकामी, असं दिसायला पाहिजे. दिसतच नाही! डॅपी (केंद्रक निळं दाखवणारा रंग) लावून काल २०० पेशी मोजल्या, त्यात जेमतेम ९. साध्या वाणात १. गाईड सर म्हणतात वाण चुकीचा आलाय, परत मागव. आता मागवून कधी येणार? कुणाला माहीत असेल तर सांगा की लवकर.

कुडलसंगम
यीस्ट कुठलं, तापमान किती, कुठल्या अवस्थेतल्या पेशी मोजल्या? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

सोरेगावकर
कळी म्हटलं म्हणजे बेकरीचंच यीस्ट ना, सॅकरोमायसीस सेरेव्हिसिए. वायपीडीत (नेहमीच्या पोषक द्रवात) वाढवलं. बाकी सगळं नेहमीसारखं.

कुडलसंगम
नेहमीसारखं म्हणजे किती अंश?

जॉबर
मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर २७ वर्षं काढली. स्पिंडल म्हणजे आमची चाती. चाती थरथरत असेल तर आधी टेप बघा, मग बोल्स्टरमधलं तेल. चाती रिंगच्या बरोबर मध्यात नसली की धागा तुटत राहतो, कितीही जोडा. गेजने मध्य काढून घ्या, फरक लगेच दिसेल.

पॉम्बेप्रेमी
बेकरीच्या यीस्टच्या नादी कशाला लागलात? फिशन यीस्ट घ्या, ते कळी न काढता मधोमध दुभंगतं. त्यात सूक्ष्मनलिका (पेशीतल्या प्रथिनाच्या बारीक नळ्या) दोन्ही टोकांना टेकून केंद्रकाला ढकलतात, त्यामुळे ते आपोआप मध्यात राहतं, आणि जिथे केंद्रक तिथेच पेशीची भिंत पडते. एकदम स्वच्छ प्रयोग. आम्ही एम.एस्सी.ला तोच केला होता.

कुडलसंगम
@पॉम्बेप्रेमी, त्यांच्या हातात वाण आहे आणि चार दिवस आहेत. शिवाय कळीच्या यीस्टमध्ये गणित बरोबर उलटं आहे. तिथे भिंत कुठे पडणार हे आधी ठरतं. कळीची मान आधी तयार होते, स्पिंडल नंतर. म्हणून स्पिंडललाच त्या मानेपाशी आणून, वळवून, आत घालावं लागतं. तुमचं उत्तर या प्रश्नाला लागूच नाही.
@जॉबर काका, ही पेशीतली चाती आहे, पण मध्य साधायचा प्रश्न तोच. कुठल्या गिरणीत होता तुम्ही?

जॉबर
जुन्या गिरणीत वडील होते, मी नंतर दुसरीकडे. भोंग्यावर घरचं घड्याळ लावायचो आम्ही. पेशीत चाती असते हे आज कळलं. ती कोण फिरवतं?

बनसेन_बर्नर
काका, ती फिरत नाही, खेचली जाते. खेचणारे दोघे आहेत आणि @सोरेगावकर यांचा घोळ इथेच आहे.

पहिला रस्ता कार९ या प्रथिनाचा. कळीपासून आईपेशीत ॲक्टिनचे दोर पसरलेले असतात. मायो२ नावाची मोटर त्या दोरांवरून कळीकडे चालते. कार९ एका हाताने तिला धरतं आणि दुसऱ्या हाताने बिम१ या दुसऱ्या प्रथिनामार्फत सूक्ष्मनलिकेचं टोक. म्हणजे नलिकेचं टोक दोरावरून ओढत नेलं जातं, आणि मागोमाग केंद्रक मानेपाशी येतं. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट अशी, की कार९ बहुतेक वेळा स्पिंडलच्या जुन्या ध्रुवाच्या (टोकाच्या) बाजूला गोळा होतं, म्हणून जुना ध्रुव लेकीकडे, म्हणजे कळीत, जातो आणि नवा आईकडे राहतो. आपल्याला वाटेल उलट असावं.

दुसरा रस्ता डायनिनचा, तो ॲनाफेजच्या, म्हणजे गुणसूत्रं वेगळी होण्याच्या, सुमारास. डायनिन नलिकेच्या टोकावर बसून कडेपर्यंत येतं, तिथे नम१ हे प्रथिन त्याला पेशीच्या कडेला बांधून ठेवतं. मग ते जागचं न हलता नलिका आपल्याकडे ओढतं, आणि लांब होणारा स्पिंडल मानेतून आत सरकतो.

डायनिन नसताना यीस्ट जगतं हे १९९३ पासून माहीत आहे. एक रस्ता बंद पडला तर दुसरा बऱ्यापैकी निभावून नेतो. तुमच्या ९ पेशी म्हणजे वाण चुकीचा असल्याचा पुरावा नाही.

पॉम्बेप्रेमी
मग कार९ पण काढा, प्रश्न मिटला. नाहीतर नोकोडाझोल टाका.

बनसेन_बर्नर
दोन्ही काढलं तर यीस्टच जगत नाही, मोजणार काय? आणि नोकोडाझोलने सूक्ष्मनलिकाच मोडतात. स्पिंडलच उरला नाही तर तो चुकीच्या जागी आहे की बरोबर, हे ठरवणार कसं? तिथे पेशी वेगळ्याच कारणाने थांबते. कृपया असले सल्ले सोमवारच्या तोंडावर देऊ नका.

पॉम्बेप्रेमी
मी मदतच करत होतो.

बनसेन_बर्नर
मान्य. @सोरेगावकर, तापमान सांगा. हे तिसऱ्यांदा विचारतोय आम्ही.

सोरेगावकर
शेकर ३० ला. यीस्ट ३० लाच वाढवतात ना सगळे? म्हणून लिहिलं नाही.

कुडलसंगम
सापडलं. डायनिन नसल्याचा दोष थंडीत उघडा पडतो. १४ अंशांच्या आसपास वाढवा.

सोरेगावकर
सोलापुरात एप्रिलमध्ये १४ अंश कुठून आणू? बाहेर ४२ आहे. शेकरला थंड करायची सोय नाही. फ्रिजमध्ये ठेवू का?

कुडलसंगम
फ्रिज नको. ४ अंशांना वाढच होणार नाही. पर्यावरणशास्त्राच्या विभागात बीओडी इन्क्युबेटर असेल, सांडपाण्याच्या चाचणीचा. तो खाली १० पर्यंत सहज जातो. हात जोडून दोन रात्री मागा.

बनसेन_बर्नर
३० ला जी फेरी दीड तासात होते तिला १४ ला कितीतरी तास लागतात, रात्रभर ठेवा. आणि महत्त्वाचं: फ्लास्क बाहेर काढून तसाच जिना चढू नका. गरम हवेत त्याच पेशी स्पिंडल सुधारून घेतील. इन्क्युबेटरच्या दारातच अल्कोहोलमध्ये टाका. मोजताना फक्त मोठी कळी आणि वेगळी झालेली दोन केंद्रकं असलेल्या पेशी घ्या. तुम्ही सगळ्याच मोजल्यात असं वाटतंय.

सोरेगावकर
हो, सगळ्याच. वाणाची खात्री कशी करू? आणि त्या ९ पेशी मरतात का?

बनसेन_बर्नर
जनुकाच्या जागी कॅनएमएक्स हे प्रतिरोध देणारं जनुक घातलं असेल तर जी४१८ या औषधाच्या प्लेटवर वाण वाढेल, साधा वाढणार नाही. सरांना ती प्लेट दाखवा.

मरत नाहीत, थांबतात. ध्रुवावर टेम१ नावाचा स्विच असतो, बीएफए१ आणि बब२ ही प्रथिनं मिळून तो बंद ठेवतात. आईपेशीतलं किन४ त्या दोघांना बळ देतं. कळीत एलटीई१ असतं, ते किन४ ला रोखतं. एक ध्रुव मानेतून कळीत पोचला की स्विच चालू होतो आणि पेशी विभाजन पुरं करते. तोवर वाट बघते. म्हणून तर त्या तुम्हाला दोन केंद्रकांसह सापडल्या.

सोरेगावकर (रविवार)
बीओडी मिळाला. प्लेटही आली, वाण बरोबर आहे. फक्त मोठ्या कळीच्या २०० पेशी: डायनिन नसलेल्या वाणात ४३, साध्या वाणात २. एका पेशीत आईच्या पोटात दोन निळे ठिपके एकमेकांना चिकटल्यासारखे आणि शेजारी तेवढीच मोठी, पूर्ण काळी कळी. तो फोटो मी पहिल्या पानावर घेतलाय. अजून एक: सहा पेशींत केंद्रक मानेतच अडकलंय, निम्मं इकडे निम्मं तिकडे. ते कुठे धरू?

कुडलसंगम
दोन्हीत धरू नका. तिसरा रकाना करा आणि तापमान तक्त्याच्या डोक्यावरच लिहा.

जॉबर
पोरी, तो फोटो इथे टाकता येईल का? मला बघायचाय.