भाग जातो म्हणता, मग कितीने जातो ते सांगा!

परळचा_हिशोबनीस:
मंडळी, वाद घालायचा म्हणूनच धागा काढतोय. २ चा १०४८५७६ वा घात घ्या, त्यात १ मिळवा. ही झाली विसावी फर्मा संख्या, ३१५६५३ अंकी. १९८० च्या दशकात कॉम्प्युटरवर चाचणी लावून सांगितलं गेलं की ही मूळ संख्या नाही, संयुक्त आहे. बरं, मग एखादा विभाजक? आजतागायत एकही सापडलेला नाही! माझं मत सरळ आहे, हे अर्धवट काम. सिद्धता म्हणायची तर म्हणा, पण आपल्याला त्या संख्येबद्दल काही कळलं असं म्हणू नका.

माटुंग्याची_गणितवाली:
अहो हिशोबनीस, छोटी संख्या घेऊन बघा ना. ९१ घ्या. फर्माचा नियम असा की विषम संख्या मूळ असेल तर २ चा तिच्याहून एकने कमी घात घेऊन तिनेच भागलं की बाकी १ च उरते. २ चा ९० वा घात, भागिले ९१, बाकी ६४. संपलं, ९१ मूळ नाही. आणि अख्खा घात करत बसायचं नसतं, वर्ग करायचा, भागायचं, बाकी तेवढी पुढे न्यायची, पाठकोऱ्या कागदावर दहाएक ओळींत होतं. यात ७ गुणिले १३ मी कुठे वापरलं सांगा?

चाळकरी_गिरगाव:
+१. चाळीत रात्री बाळ रडतं तेव्हा कुठल्या खोलीत ते कळत नाही, पण बाळ आहे याबद्दल शंका असते का कोणाला?

परळचा_हिशोबनीस:
बाळाचं राहू द्या, ताईंना ३४१ देतो. २ चा ३४० वा घात, भागिले ३४१, बाकी चक्क १. आणि ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१. आपटली ना चाचणी तोंडावर?

माटुंग्याची_गणितवाली:
उलटं वाचताय तुम्ही. बाकी १ आली तर काहीच ठरत नाही, १ सोडून काही आली तर संयुक्त म्हणजे संयुक्तच. ३४१ ला २ ऐवजी ३ लावा, बाकी ५६ येते. आणि फर्मा संख्यांना पेपिनची चाचणी आहे, ती दोन्ही बाजूंनी पक्की, तुमच्या विसाव्या संख्येला तीच लावली होती.

बदलापूर_स्लो:
मी हिशोबनीसांच्या बाजूने. २ चा ६७ वा घात वजा १ ही मूळ आहे असं मर्सेननं १६४४ मध्ये लिहून ठेवलं, १८७६ मध्ये ल्युकानं ती संयुक्त असल्याचं दाखवलं, विभाजक न देता. किस्सा मात्र कोणाचा सांगतात? १९०३ मध्ये न्यूयॉर्कला कोलनं फळ्यावर १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून दाखवला त्याचा! तोंडातून शब्द न काढता म्हणे, आणि टाळ्या पडल्या.

डोंबिवलीकर_काका:
जरा अवांतर. आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी १२१, १२३२१ अशा संख्यांना डेम्लो नाव दिलं ते आमच्या डोंबिवली स्टेशनवरून, ठाऊक आहे ना? नऊ एक ओळीने लिहून होणाऱ्या १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. आणि ते नऊ एक म्हणजे ९ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. वाद चालू द्या.

परळचा_हिशोबनीस:
काका, जियो! मी म्हणतो ती हीच गोष्ट, सगळं उघडून समोर.

माटुंग्याची_गणितवाली:
सगळं उघडता आलं असतं तर पंचाईत झाली असती. संदेश गुप्त ठेवायची आरएसए पद्धत उभीच आहे यावर की संख्या संयुक्त आहे हे जगाला माहीत आणि अवयव फक्त मालकाला. १९७७ चं १२९ अंकी कोडं सुटायला १९९४ उजाडलं, शेकडो लोकांचे कॉम्प्युटर जुंपले तेव्हा, आणि २५० अंकी संख्या फुटली ती थेट २०२० मध्ये. संयुक्त आहे हे कळणं आणि फोडता येणं या दोन वेगळ्या माहित्या आहेत, म्हणून तर पहिलीची किंमत.

परळचा_हिशोबनीस:
आरएसएमध्ये निदान मालकाला तरी अवयव माहीत असतात हो! विसाव्या फर्मा संख्येचा मालक कोण?

चाळकरी_गिरगाव:
हिशोबनीस, मग ती मूळ आहे असं तुम्ही लिहून द्याल का? नाही ना? का नाही ते सांगा आधी.