क्रॉसड्रॉ की दोन्ही बाजूंना सरळ?

तुम्ही विचारलंय की काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगसाठी (जुन्या काउबॉय पद्धतीच्या, दोन रिव्हॉल्व्हर वापरायच्या नेमबाजीच्या खेळासाठी) पहिल्याच होल्स्टर-सेटमध्ये एक क्रॉसड्रॉ, म्हणजे डाव्या कमरेवर मूठ पुढे ठेवून बसवलेलं आणि उजव्या हाताने काढायचं होल्स्टर, घ्यावं की दोन्ही होल्स्टर सरळ, म्हणजे ज्या त्या बाजूच्या हाताने काढायची. माझं मत ठाम आहे: अंगकाठी भारी असेल किंवा डावा हात पिस्तुलावर बसलेला नसेल, तर क्रॉसड्रॉच घ्या. उजव्या हाताने दोन्ही रिव्हॉल्व्हर निघतात. मात्र काढताना आणि परत ठेवताना डावी बाजू टार्गेटकडे येईल असं वळावंच लागतं, नाहीतर नळी १७० अंशांची रेषा, म्हणजे टार्गेटच्या बाजूला नळी ठेवायची सुरक्षेची मर्यादा, ओलांडते. ही सवय रिकाम्या रिव्हॉल्व्हरने घरी घोटून घ्या.

बेल्टचं माप पँटच्या नंबरावरून देऊ नका! गनबेल्ट पँटच्या पट्ट्याच्या खाली, नितंबांवर बसतो. मॅचचे कपडे घालून, जिथे बेल्ट येणार तिथेच टेप लावा आणि तो आकडा मधल्या भोकावर येईल असं कारागिराला सांगा. म्हणजे थंडीत जाड बंडी घातली तरी अडत नाही.

चामडं व्हेजिटेबल टॅन (झाडांच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं) गाईचंच हवं. होल्स्टरचं तोंड रिव्हॉल्व्हर काढल्यावरही उघडं राहिलं पाहिजे. दुकानात दोन बोटांनी दाबून बघा. मिटलं तर ते ठेवून द्या, कारण परत ठेवताना न बघता नळी आत सरकायला हवी. नळीची लांबीही आधी सांगा, पावणेपाच इंची की साडेसात.

आणि तेल जपून. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) जास्त झालं की चामडं लुळं पडतं, मग ते पुन्हा ताठ होत नाही. मॅचनंतर रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवून झोपू नका, चामड्यातल्या ओलाव्याने गंज चढतो.